यानात कोण कोण बसतं? विज्ञान मालिकांतल्या पात्रांबद्दल वाचकांचे प्रश्न

दूरचित्रवाणीवरच्या विज्ञान मालिकांमधली पात्रं कुठल्या वंशाची, कुठल्या रंगाची आणि त्यांना कथेत काम काय मिळतं, या विषयावर आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. निम्म्याहून अधिक पत्रं ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी मालिकेबद्दल होती, म्हणून उत्तरांतही तिची गर्दी आहे.

प्रश्न : ‘स्टार ट्रेक’मधली उहुरा म्हणजे क्रांती, असं सगळीकडे वाचतो. प्रत्यक्ष जुने भाग पाहिले तर बाई बहुतेक वेळ कानात यंत्र घालून बसलेल्या दिसतात. मग क्रांती कसली? (ठाणे)

तुम्ही पाहिलंत ते बरोबर आहे आणि वाचलंत तेही. मालिकेचा पहिला नमुना भाग १९६४-६५ मध्ये तयार झाला, त्यातली मुख्य पात्रं गोरीच होती. वाहिनीने दुसरा नमुना भाग मागवला. त्यात जॉर्ज टाकेईंचा आशियाई वंशाचा सुलू आला आणि संपर्क अधिकारी म्हणून एक कृष्णवर्णीय नट आला. ८ सप्टेंबर १९६६ला मालिका सुरू झाली तेव्हा त्या खुर्चीवर निशेल निकोल्स होत्या. ‘उहुरू’ म्हणजे स्वाहिलीत स्वातंत्र्य, त्यावरून पात्राचं नाव.

लेखकांनी मात्र त्या खुर्चीला काम फार दिलं नाही. ‘संपर्क खुला आहे, कॅप्टन’ या अर्थाचं वाक्य तिच्या तोंडी इतक्यांदा येतं की ते तिचं पाळण्यातलं नाव वाटावं. खरं पहिलं नाव, न्योटा, पडद्यावर उच्चारलं गेलं २००९च्या चित्रपटात. सुलूचं हिकारू हे नाव त्याआधी, १९९१ मध्ये आलं.

पण त्या काळी अमेरिकी पडद्यावर कृष्णवर्णीय बाई दिसली तर बहुधा मोलकरीण म्हणून दिसायची. इथे ती गणवेशातली अधिकारी होती, आणि तिथे ती का आहे याचा खुलासा कुणी कुणाला देत नव्हतं. पहिल्या पर्वानंतर निकोल्स मालिका सोडायला निघाल्या होत्या. मार्टिन ल्यूथर किंग यांनी भेटून थांबायला सांगितलं, हे त्यांनी स्वतः अनेकदा सांगितलेलं आहे. १९७७ मध्ये ‘नासा’ने अंतराळवीरांच्या भरतीसाठी त्यांनाच प्रचाराला घेतलं. १९७८च्या ३५ जणांच्या तुकडीत सहा स्त्रिया, तीन कृष्णवर्णीय पुरुष आणि आशियाई वंशाचे एलिसन ओनिझुका होते. तेव्हा लिखाणाला तोंडदेखलं म्हणा, हरकत नाही. बाईंचं तिथे असणं तोंडदेखलं नव्हतं.

प्रश्न : ‘स्टार ट्रेक’मधला खान नूनियन सिंग हा शीख आहे असं मालिकेत म्हणतात. पगडी नाही, केस कापलेले, नाव ‘खान’. हे कसलं शीखपण? (नांदेड)

नांदेडहून हा प्रश्न येणार, हे धरूनच चाललो होतो.

‘स्पेस सीड’ हा भाग १६ फेब्रुवारी १९६७ला दाखवला गेला. खान बेशुद्ध पडलेला आहे आणि यानावरची इतिहासकार त्याचा चेहरा पाहून अंदाज करते : उत्तर भारतातला असावा, बहुधा शीख. एवढाच पुरावा. नंतर ती त्याचं चित्र काढते, त्यात त्याला पगडी घालते. म्हणजे पगडी तिच्या कल्पनेत आहे, त्याच्या डोक्यावर नाही. कथेच्या सुरुवातीच्या मसुद्यात हे पात्र नॉर्डिक होतं. नंतर मेक्सिकोत जन्मलेले रिकार्डो मोंटालबान आले, त्यांचा रंग मेकअपने गडद केला आणि नाव बदललं.

नावात नेमकं काय चुकलं ते पाहा. ‘सिंग’ पंजाबात आहे, राजस्थानात आहे, बिहारातही आहे. ‘खान’ शिखांत सहसा सापडत नाही. ‘नूनियन’ पंजाबी कानाला लागतच नाही. नकाशावरून तीन ठिकाणची तीन अक्षरं उचलून हे नाव शिवलेलं आहे. पटकथा लिहिणाऱ्यांनी यातून घ्यायचं ते असं : पात्राचं गाव, जन्मसाल आणि आईवडिलांची भाषा आधी ठरवा, नाव त्यानंतर. आडनाव सुचलं की त्याच गावात त्याच पिढीत तसं नाव असलेली तीन खरी माणसं सापडतात का ते तपासा. एकही सापडत नसेल तर नाव बदला.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. १९६७ मध्ये, जनुकांत सुधारणा केलेला, कथेतल्या १९९२ ते १९९६ या काळात पाव जगावर राज्य केलेला महामानव गोरा न दाखवता भारतीय दाखवणं ही कल्पना उलटी आणि धीट होती. २०१३च्या चित्रपटात तोच खान बेनेडिक्ट कंबरबॅच यांनी केला आणि तेवढंही गेलं.

प्रश्न : आमच्या ऑडिओ मालिकेत मंगळावर जन्मलेली एक वारली मुलगी मुख्य पात्र आहे. लेखकांत वारली कुणी नाही. सल्लागार घेणार आहोत. काय काळजी घ्यावी? (पालघर)

आधी एक फसलेलं उदाहरण, कारण ते जवळजवळ पाठ्यपुस्तकी आहे. १९९५ला सुरू झालेल्या ‘स्टार ट्रेक : व्हॉयेजर’मध्ये चकोटे हा उपकप्तान अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांपैकी दाखवला. निर्मात्यांनी जमेक हायवॉटर यांना सल्लागार नेमलं. हायवॉटर स्वतःला मूळनिवासी वंशाचे म्हणवत. तो दावा खोटा असल्याचं १९८४ मध्येच छापून आलेलं होतं, म्हणजे मालिकेच्या अकरा वर्षं आधी.

परिणाम पडद्यावर दिसतो. सुरुवातीला चकोटेची जमातच ठरलेली नाही. ‘द क्लाउड’ या भागात तो कॅप्टन जेनवेपुढे आपली पवित्र पुरचुंडी उलगडतो : काळ्या पक्ष्याचा पंख, नदीतला गोटा, आणि हात ठेवला की ध्यान लावून देणारं एक विजेवर चालणारं यंत्र. सोबत एक मंत्र, ज्याची भाषा कोणाची ते मालिका सांगत नाही. सगळ्या जमातींचं थोडं थोडं, म्हणून कुणाचंच नाही.

तुमच्यासाठी क्रम असा ठेवा. सल्लागार कथेच्या टप्प्यावर आणा. संवाद लिहून झाल्यावर आणलात तर तो फक्त शब्द दुरुस्त करेल, कथेतली चूक तशीच राहील. एक नको, दोन घ्या. त्यातली एक व्यक्ती तुमच्या पात्राच्या वयाची बाई असावी. डहाणू, तलासरी, जव्हार यांतला नेमका कुठला भाग ते आधी ठरवा, बोलीत फरक पडतो. सल्लागाराची ओळख त्याच्या स्वतःच्या परिचयपत्रावरून नव्हे, पाड्यावरच्या माणसांकडून पटवून घ्या. मानधन आणि श्रेयनामावलीतलं नाव आधी लेखी ठरवा. ‘हे दाखवू नका’ असं त्यांनी म्हटलं तर ते तुमच्यावर बंधनकारक आहे की नाही, हेही त्याच कागदावर यावं. भांडणं बहुतेक तिथेच होतात.

आणि लिहिताना एक साधी खूण : मुलगी ‘आमच्या लोकांत असं म्हणतात की…’ अशी वाक्यं बोलू लागली तर थांबा. घरचं माणूस घरात असं बोलत नाही. प्रत्येक भागात भिंतीवर पांढरी चित्रं काढण्याचा मोहही आवरा. मंगळावर ती ऑक्सिजनची झडप दुरुस्त करताना कुणावर चिडते, ते जास्त उपयोगाचं.

प्रश्न : भूमिका देताना नटाचा रंग विसरायचा, जो चांगला करेल त्याला द्यायची. हेच न्याय्य नाही का? (पुणे)

निवड करताना ठीक. लिहिताना विसरलात तर पात्र पोकळ होतं. ‘स्टार ट्रेक : डिस्कव्हरी’ (२०१७) मध्ये रेखा शर्मा सुरक्षा अधिकारी आहेत. पात्राचं आडनाव लँड्री, आणि चौथ्या भागात ती मरतेसुद्धा. भारतीय चेहरा यानात होता खरा, पण भाजीवर कोथिंबीर भुरभुरावी तसा.

याउलट ‘स्टार ट्रेक : डीप स्पेस नाइन’ (१९९३ ते १९९९). बेंजामिन सिस्को हा तिथल्या अंतराळस्थानकाचा कृष्णवर्णीय प्रमुख, एव्हरी ब्रूक्स यांनी केलेला. त्याच्या वडिलांची न्यू ऑर्लिन्सला खानावळ आहे, घरचं जेवण आहे, मुलाशी नातं आहे. १९९८च्या ‘फार बियाँड द स्टार्स’ या भागात तोच नट १९५०च्या दशकातल्या न्यू यॉर्कमध्ये एका विज्ञानकथा मासिकाचा लेखक होतो. वाचकांना लेखकांचे फोटो हवेत म्हणून मासिकात फोटोचा दिवस ठरतो. संपादक या कृष्णवर्णीय लेखकाला आणि त्याच्या सहकारी बाईला सुचवतो : त्या दिवशी तुम्ही उशिरा उठलात तरी चालेल. आवाज चढत नाही, शिवी नाही. वंशभेद पडद्यावर दाखवण्याचा याहून नेमका प्रसंग विज्ञान मालिकांत आम्हाला तरी आठवत नाही. हा भाग ब्रूक्स यांनीच दिग्दर्शित केला आहे.

शेवटच्या भागात सिस्को गरोदर बायकोला सोडून दुसऱ्या मितीत जातो. कृष्णवर्णीय बाप घर सोडून जातो, हा जुना शिक्का त्यातून पुन्हा उमटतो, असं ब्रूक्स यांनी निर्मात्यांना सांगितलं. प्रसंग बदलला गेला आणि सिस्को ‘मी परत येईन’ असं सांगून जातो. रंग विसरला असता तर ही चूक कुणाच्या ध्यानातच आली नसती.

प्रश्न : कॉलेजात छोटी विज्ञान मालिका शूट करतोय. यानाच्या आतल्या प्रसंगात सावळ्या मुलीचा चेहरा काळवंडतो आणि तिच्या शेजारचा गोरा मुलगा पांढरा फटक होतो. कॅमेरा चांगला आहे. काय चुकतंय? (कोल्हापूर)

कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाचं, सुमारे १८ टक्के प्रकाश परत फेकणारं, आहे असं धरून चालतो. गोरी त्वचा त्याहून साधारण एक स्टॉप (म्हणजे दुप्पट प्रकाश) वर असते. सावळी त्वचा मध्यमावर किंवा एक स्टॉप खाली, गडद असेल तर आणखी खाली. दोघं एका चौकटीत आले की दोन-अडीच स्टॉपचा फरक. त्यात यानाच्या भिंती पांढऱ्या केल्या असतील, तर मीटर भिंतीला भुलतो आणि सगळंच खाली ओढतो.

दोष तुमच्यापासून सुरू झालेला नाही. फिल्मच्या काळात कोडॅकची रंग जुळवायची कार्डं गोऱ्या बाईच्या फोटोची असत, प्रयोगशाळा त्या चेहऱ्यावर यंत्रं जुळवत. तपकिरी छटा नीट येत नाहीत ही तक्रार कंपनीने मनावर घेतली ती चॉकलेट आणि लाकडी फर्निचर बनवणाऱ्यांमुळे, असं तिथे काम केलेल्यांनी सांगितलं आहे. माणसांचा नंबर नंतर लागला.

आता उपाय. स्वयंचलित एक्स्पोजर बंद करा. मोजमाप मुलीच्या चेहऱ्यावर घ्या आणि मुलाचा प्रकाश कापा. मुलगा दिव्यापासून २ मीटरवर असेल तर २.८ मीटरवर सरकवा, प्रकाश निम्मा होतो, म्हणजे एक स्टॉप. दिवा मोठा आणि अगदी जवळ असेल तर हे गणित तंतोतंत लागू पडत नाही, तेव्हा त्याच्या बाजूला नेट (प्रकाश कमी करणारी जाळी) किंवा कटर (प्रकाश अडवणारा काळा पडदा) लावा. मुलीवर समोरून दिवा वाढवू नका, चेहरा सपाट आणि राखी दिसतो. गडद त्वचा उजळते ती तिच्यावर पडलेल्या प्रतिबिंबातून. म्हणून बाजूने मोठा मऊ स्रोत द्या : ४ बाय ४ फुटांच्या चौकटीवर बटर पेपर, किंवा थर्माकोलच्या शीटवर मारलेला दिवा. पावडर कमी, मॉइश्चरायझर थोडं जास्त. मागची भिंत तिच्या त्वचेहून एक स्टॉप तरी वेगळी ठेवा, नाहीतर केसांची कड हरवते.

नंतर ग्रेडिंगमध्ये, म्हणजे चित्रीकरणानंतरच्या रंगदुरुस्तीत, उचलू म्हणाल तर सावलीत किरकिरे ठिपके येतील, ते मग जात नाहीत.

प्रश्न : परग्रहवासी दाखवून वंशभेदावर बोलणं जास्त सुरक्षित आणि परिणामकारक नाही का? (मडगाव)

सुरक्षित नक्की. १९६९च्या जानेवारीत ‘स्टार ट्रेक’ने दोन परग्रहवासी दाखवले, चेहरा मधोमध अर्धा काळा, अर्धा पांढरा. एक दुसऱ्याचा पाठलाग करत आलेला. वैर कशावरून ते कॅप्टनला कळेना, तेव्हा पाठलाग करणारा वैतागून म्हणतो, दिसत नाही का, माझी उजवी बाजू काळी आहे आणि त्याची पांढरी. युक्ती ढोबळ आहे, पण प्रेक्षकाने स्वतःही तोवर तो फरक टिपलेला नसतो, म्हणून ती लागू पडते.

धोका असा की परग्रहवासी बनवताना हाताशी असतं ते पृथ्वीवरचंच साचेबंद चित्र. १९६७चे पहिले क्लिंगन म्हणजे चेहरा काळपट रंगवलेले, खाली लोंबत्या मिश्यांचे गोरे नट. ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’च्या १९८७मधल्या ‘कोड ऑफ ऑनर’ या भागात अख्खा ग्रह कृष्णवर्णीय नटांचा, वेश आफ्रिकी टोळीछाप, आणि त्यांचा मुखिया यानावरच्या गोऱ्या अधिकारी बाईला पळवून नेतो. त्याच यानावर लेव्हार बर्टन आणि मायकल डॉर्न हे कृष्णवर्णीय नट मुख्य भूमिकांत होते, तरी हे घडलं.

‘द एक्स्पान्स’ने (२०१५ ते २०२२) दुसरी वाट काढली. लघुग्रहांच्या पट्ट्यात वाढलेली ‘बेल्टर’ माणसं सगळ्या वंशांची मिसळ आहेत. त्यांना हिणवलं जातं ते कमी गुरुत्वामुळे लांब आणि हडकुळ्या झालेल्या शरीरावरून. त्यांची भाषा निक फार्मर यांनी रचली, आणि हातवारे मोठे, कारण अंतराळपोशाखात मान हलवलेली दिसत नाही. पहिल्याच भागात एका बेल्टर कैद्याला पृथ्वीच्या गुरुत्वात टांगून ठेवतात, शरीराचं वजनच त्याची यातना होतं. ती चौकशी करणारी कोण, तर साडीच्या वळणाचे भरजरी कपडे घालणारी, नातवाशी खेळणारी, पृथ्वीच्या सरकारातली बडी अधिकारी क्रिसजेन अवसराला. पात्र भारतीय वंशाचं, अभिनेत्री तेहरानमध्ये जन्मलेल्या शोहरे आगदाश्लू. भारतीय आजी सत्तेच्या गादीवर बसली की सोज्वळ असते, हा समज पहिल्या तासातच मोडतो.

प्रश्न : एम.ए.च्या प्रकल्पासाठी एका मालिकेतलं वांशिक प्रतिनिधित्व मोजायचं आहे. ‘किती पात्रं’ एवढं मोजून भागेल का? (औरंगाबाद)

नाही. ‘व्हॉयेजर’मधला हॅरी किम (गॅरेट वँग) मुख्य श्रेयनामावलीत सात पर्वं आहे. पात्रं मोजलीत तर आशियाई उपस्थिती उत्तम भरेल. पण सात वर्षांत त्याला एकदाही बढती मिळत नाही, आला तेव्हा एन्साइन (सगळ्यात खालचा अधिकारी), संपली तेव्हाही एन्साइन. तुमच्या तक्त्यात हे पकडलं जायला हवं.

२६ भागांचं पर्व असेल तर पहिल्या चारांतला एक भाग चिठ्ठी टाकून काढा, तिथून पुढे दर चौथा. सहा-सात भाग मिळतात. गाजलेले भाग निवडू नका, ते गाजतात ते वेगळे असतात म्हणूनच. नोंदीचं एकक ‘एका भागातलं एक बोलणारं पात्र’ ठेवा.

नट आणि पात्र यांचे रकाने वेगळे करा, नाहीतर खान कुठे लिहायचा यावरच अडाल. नटाची ओळख त्याने स्वतः जाहीर सांगितली असेल तीच लिहा, आडनावावरून ओळखू नका. ‘माहीत नाही’ हा रकाना ठेवा. रबरी मुखवट्याआडच्या नटाला तिसरी खूण द्या : नट मोजला जातो, चेहरा दिसत नाही.

मग प्रत्येक पात्रासाठी : बोललेले शब्द, किती प्रसंगांत आहे, आदेश देतं की फक्त माहिती कळवतं, कथा वळवणारा निर्णय त्याचा आहे का, घरचं कुणी दिसतं किंवा उल्लेखलं जातं का, भाग संपताना जिवंत आहे का. शब्द उपशीर्षकांच्या फाइलमधून मिळतील, पण त्यात कोण बोलतंय ते बहुधा नसतं, ते पाहत पाहत लिहावं लागतं. ४५ मिनिटांच्या भागाला तीन-चार तास धरा. उहुराची प्रसंगसंख्या भरपूर येते आणि ‘निर्णय’ हा रकाना कोरा राहतो, अशा जागी तुमचा प्रकल्प सुरू होतो.

नोंदी दोघांनी वेगवेगळ्या करायच्या, एकमेकांच्या न पाहता. दोन भाग झाले की ताडून पाहा. नुसती टक्केवारी फसवते : ९० टक्के पात्रं गोरी असतील तर डोळे मिटून ‘गोरं’ लिहिलं तरी मेळ ९० टक्के बसतो. म्हणून कोहेनचा कप्पा, म्हणजे योगायोगाने बसणारा मेळ वगळून सहमती मोजणारा आकडा, काढा. तो ०.७च्या खाली आला तर दोष माणसांचा नसतो, व्याख्येचा असतो. ‘निर्णय’ या शब्दावर हमखास गाडी अडते.

मृत्यूंबद्दल एक इशारा. ‘कृष्णवर्णीय पात्र आधी मरतं’ हे सिद्ध करायला मेलेल्यांची बेरीज पुरत नाही. बोलणाऱ्या एकूण पात्रांत त्यांचा वाटा किती आणि मेलेल्यांत किती, हे शेजारी ठेवा.

थोडक्यात

*‘स्टार ट्रेक’मधलं कॅप्टन कर्क आणि उहुराचं चुंबन अमेरिकी दूरचित्रवाणीवरचं पहिलं आंतरवंशीय चुंबन होतं ना? (सोलापूर)* – २२ नोव्हेंबर १९६८ ही तारीख बरोबर, ‘पहिलं’ हे बरोबर नाही. १९६७च्या डिसेंबरात सॅमी डेव्हिस ज्युनियर आणि नॅन्सी सिनात्रा यांचं दाखवलं गेलं होतं. शिवाय कथेत ते दोघं परग्रहवासीयांच्या मनःशक्तीने बळजबरीने जवळ आणलेले आहेत, हे सांगायचं सगळे विसरतात.

*‘फायरफ्लाय’मध्ये सगळे चिनी शिव्या देतात, मग चिनी माणसं कुठे आहेत? (नागपूर)* – मुख्य नऊ जणांत एकही नाही. प्रश्न अचूक आहे, त्याला उत्तर मालिकेत नाही.

*मुंबईच्या पर्सिस खंबाटा ‘स्टार ट्रेक’च्या मालिकेत होत्या की चित्रपटात? (दादर)* – निवड १९७७ मध्ये नव्या मालिकेसाठी झाली होती. ती मालिका बारगळली, तिचाच १९७९चा चित्रपट झाला. इलिया हे त्यांचं पात्र डोकं भादरलेलं आणि परग्रहावरचं, त्यामुळे भारतीय चेहरा दिसला तरी भारतीय पात्र नव्हतंच.

*‘डॉक्टर हू’मध्ये हल्लीच हे विविधतेचं खूळ शिरलंय, नाही का? (लंडन)* – २३ नोव्हेंबर १९६३चा पहिलाच भाग लखनौत जन्मलेल्या वारिस हुसेन यांनी दिग्दर्शित केला होता. पडद्यावरची गोष्ट निराळी : १९७७ मध्येही चिनी जादूगार रंगवायला गोऱ्या नटाचे डोळे चिकटवून ताणले होते. पटकथेसाठी कृष्णवर्णीय लेखक यायला २०१८ उजाडलं. त्या वर्षी मॅलरी ब्लॅकमन यांच्या पाठोपाठ विनय पटेल यांनी ‘डीमन्स ऑफ द पंजाब’ लिहिला, ऑगस्ट १९४७, हिंदू मुलगा, मुसलमान मुलगी आणि मधून गेलेली रॅडक्लिफची रेषा. चित्रीकरण स्पेनमध्ये. परग्रहवासी आहेत, पण ते फक्त बेवारस मरणाऱ्यांजवळ उभे राहतात. घात नवऱ्या मुलाचा सख्खा भाऊ करतो.